माझ्या नावानं गेलेली पत्रिका

"वहिनी, पत्रिका मिळाली तुमची. निघालो मग."

वडापची जीप दारापुढं थांबली तेव्हा मी मांडवाखाली बसून हळकुंडं निवडत होते. परवावर माझ्या लेकीचं, अस्मिताचं लग्न. जीपमधून आधी एक फुगलेली बॅग खाली उतरली, मग पोपट भावजी आणि त्यांच्या मागं सेल्वी. भावजींचे केस पार पांढरे झाले होते. सेल्वीच्या डोक्यात गजरा होता, प्रवासात कोमेजून पिवळा पडलेला. ती मांडवाच्या बाहेरच थांबली. आत यायचं की नाही, हे कुणीतरी सांगावं अशी.

माझ्या मांडीवरचं सूप खाली सरकलं. मांडवातल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"पाणी घ्या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

पोपट भावजी माझे धाकटे दीर. आमच्या विट्याकडची कितीतरी पोरं गलाईच्या धंद्यात लांब लांब जातात. सोनारांकडचं जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. भावजी मिसरूड फुटायच्या आधीच चुलत्याबरोबर कोइमतूरला गेले आणि तिथंच त्यांनी सेल्वीशी लग्न केलं, तिच्या माणसांच्या देवळात, घरात कुणाला न विचारता. त्याच वर्षी माझे सासरे गेले. दुखणं जुनंच होतं, पण ह्यांनी सगळ्यांसमोर भावाला सांगितलं, "तुझ्यामुळं गेला आण्णा. आता ह्या घराची पायरी चढू नको." तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. त्यांच्या मुलाचं बारसं आम्हाला बाहेरून कळलं. अस्मिताच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या तेव्हा ह्यांनी पाहुण्यांची नावं सांगितली, मी लिहून घेतली. पोपट भावजींचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणजे मी त्यांना पत्रिका पाठवलीच नव्हती. ती कुणी पाठवली, हे मात्र मला बरोबर माहीत होतं.

मी अंगणवाडी सेविका. त्याच आठवड्यात सोमवारी दुपारी, मुलं घरी गेल्यावर, मी फोन बघत होते. दुसऱ्या गावातल्या एका सेविकेच्या नंबरवरून मेसेज आला होता. गणपतीचं चित्र, खाली 'विवाह निमंत्रण, सहकुटुंब यायचं हं'. आमच्याही घरात लग्न, त्यामुळं इतरांच्या पत्रिका कशा असतात ते बघायचा नादच लागला होता. मी दाबलं. उघडेना. फोननं विचारलं, परवानगी देता का? दिली. पुन्हा विचारलं, मेसेज वाचू का? दिली. कामाची ॲपं रोज असलंच काहीतरी विचारतात. वाचत बसलं तर नोंदी कधी भरायच्या? शेवटपर्यंत काही दिसलं नाही, तेव्हा फोन पर्समध्ये टाकला आणि विसरून गेले.

संध्याकाळी फोनवर फोन. "ताई, पत्रिका उघडत न्हाई." "मालनताई, छापलेली दिली होती की, परत कशाला?" माझ्या फोनमध्ये जेवढी नावं होती, तेवढ्यांना माझ्या नावानं तीच पत्रिका गेली होती. घरात खरंच लग्न असल्यामुळं कुणाला शंकाही आली नाही.

फोनमधली निम्मी नावं माझ्या अंगणवाडीतल्या आयांची. त्यांची नोंदणी करताना त्यांच्या फोनवर एक ओटीपी येतो, तो त्या मला सांगतात. काही जणी तर दारातून ओरडून सांगायच्या. "ताई, आला बघा नंबर!" असा नंबर कुणाला सांगायचा नसतो, हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. उलट सांगायला उशीर झाला की मीच वैतागायचे.

शबाना ही त्यांतलीच एक. पोर जेमतेम तीन महिन्यांचं. बाळंतपणाचे सरकारी योजनेतून मिळालेले पैसे तिनं खात्यावर तसेच ठेवले होते. पत्रिका आल्यावर तासाभरानं तिला एका माणसाचा फोन आला. चांगलं मराठी बोलत होता. "मालनताईंच्या ऑफिसातून बोलतोय. तुमचा पुढचा हप्ता मंजूर झालाय. नंबर आला असेल, तो सांगा." तिनं सांगितला. खातं रिकामं झालं.

मी धावत गेले. शबाना भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर. तिची सासू म्हणाली, "ताई, तुमचंच नाव घेतलं त्यानं. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर हिनं सांगितला नसता."

मी तिथल्या तिथं शबानाच्या नवऱ्याला सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, १९३० ला, फोन लावायला सांगितला आणि त्यांना घेऊन पोलिस ठाण्यात गेले. सायबरचं काम बघणारी कॉन्स्टेबल अस्मिताच्याच वयाची होती. तिनं तक्रार घेतली, माझा फोन बघितला आणि समजावून सांगितलं, "ताई, पत्रिका म्हणजे फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते फोनमध्ये शिरलं की तुमचे मेसेज त्यांना दिसतात, बँकेचे ओटीपीसुद्धा. ज्यांनी ज्यांनी दाबलंय त्यांनी ते काढून टाकेपर्यंत खात्यावर आलेला पैसा त्यांचा नाही, असंच समजा. सगळ्यांना कळवा, आजच."

मग तिनं विचारलं, "तुमच्या फोनवर ते उघडलं कुणी?"

"अंगणवाडीतल्या एखाद्या पोरानं दाबलं असेल," मी म्हणाले. "पोरं घेतात ना फोन."

तीन-चार वर्षांच्या लेकरांवर ढकलून मी मोकळी झाले. घरी ह्यांनाही तेच सांगितलं. हे म्हणाले, "पोरांच्या हातात फोन द्यायचाच कशाला?" आणि विषय संपला. मी अस्मिताचा फोन घेऊन नावं बघत एकेकाला कळवलं, जवळच्यांच्या दारात जाऊन सांगितलं. शबानाचे थोडे पैसे पुढं जाण्याआधी बँकेत अडवले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे बुडाले. अस्मिताच्या रुखवतासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून मी ते भरून देत होते, तर शबानानं घेतले नाहीत. "तुमची काय चूक, ताई," म्हणाली. "पोरानं दाबलं, त्याला काय कळतंय." ते ऐकून मी मान वर केली नाही.

आणि आता भावजी माझ्या मांडवात खुर्चीवर बसून पाणी पीत होते.

हे हॉलवर आचाऱ्याशी बोलायला गेले होते. परत आले, मोटारसायकल लावली आणि भाऊ समोर दिसला. भावजी उठून उभे राहिले, वाकून पाया पडायला पुढं झाले, तेवढ्यात हे तडक घरात आले. माझ्या मागं स्वयंपाकघरात.

"तू बोलावलंस?"

खरं सांगितलं असतं तर हे बाहेर जाऊन म्हणाले असते, 'चुकून गेली पत्रिका.' आणि ती दोघं त्याच बॅगेसह परत रस्त्यावर. पण माझ्या मनात तेवढंच नव्हतं. चुकून कशी गेली, कुणामुळं गेली, ह्यावर बोलणं आलं असतं. पोरानं नाही, मी दाबलं, हे बाहेर पडलं असतं, भरल्या मांडवात.

"हो," मी म्हणाले.

ह्यांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायले नाहीत, तसंच ओतून टाकलं. "इचारायचं होतंस," एवढं बोलून बाहेर गेले. भावजींशी एक शब्द बोलले नाहीत. पण थोड्या वेळानं शेजारून एक कॉट आणवून पडवीत टाकली.

सेल्वी कपडे बदलून माझ्याजवळ आली. "अक्का, काम सांग," म्हणाली. गलाईवाल्या मराठी माणसांत राहून तिचं मराठी चांगलं झालं होतं. मी लसूण दिला. ती खाली बसून सोलायला लागली. हात चालू आणि मध्येच वर बघायची, माझ्या तोंडाकडं. मी काही बोलले नाही की पुन्हा मान खाली. मला वाटत होतं, हिला माझं कौतुक वाटतंय, एवढ्या वर्षांनी मोठ्या जावेनं बोलावलं म्हणून. त्या नजरेनं मी अर्धमेली होत होते.

पण खरी धडकी वेगळीच होती. पत्रिका मिळाली म्हणजे भावजींनी ती दाबली होती. म्हणजे ते ॲप अजून त्यांच्या फोनमध्ये असणार. त्यांना सावध करायचं तर सांगावं लागणार, की पत्रिका खोटी होती. आणि पत्रिका खोटी म्हटलं, की बोलावणंही खोटं.

मी स्वतःची समजूत घालत राहिले. काही जायचं असतं तर एव्हाना गेलं असतं. उद्या सांगू. हळद लागू दे. लग्न उरकू दे.

दिवस कलायला लागला तेव्हा भावजींना फोन आला. ते पडवीत बसले होते, मी दिव्यांना वाती लावत होते. पलीकडून बहुतेक एखादा सोनार बोलत असावा. थोडं तमिळमध्ये बोलून झाल्यावर भावजी मराठीत म्हणाले, "टाका की मग खात्यावर. कधी पण टाका."

माझ्या हातातली वात खाली पडली. कॉन्स्टेबलचं बोलणं मला ऐकू यायला लागलं.

त्या वेळी तरी सरळ सांगायला हवं होतं. मी काय केलं? पदराला हात पुसले आणि हसत हसत त्यांच्यापुढं गेले.

"भावजी, तुमचा फोन द्या बरं जरा. अस्मिताचे मेंदीचे फोटो काढायचेत. माझा फोन बिघडलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, फोन उघडून दिला. मी तो घेऊन अस्मिताकडं गेलेच नाही. धान्याच्या खोलीत शिरले, दार ओढून घेतलं आणि पोत्यांआड उभी राहून शोधायला लागले. ते ॲप कुठं लपतं, कसं काढायचं, हे कॉन्स्टेबलनं मला दाखवलं होतं. अर्धी अक्षरं तमिळ. दुसऱ्याच्या फोनमधली चित्रं, मेसेज, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. परक्याच्या कपाटात हात घालावा तसं वाटत होतं. मी पुन्हा पुन्हा शोधलं. कुठंच नव्हतं.

दार उघडलं. भावजी उभे होते.

"ते कार्तिकनं काढलं, वहिनी," ते हळू म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी."

कार्तिक त्यांचा मुलगा. माझ्या हातात त्यांचा फोन तसाच उजळलेला.

"काय काढलं?" मी विचारलं. तेव्हाही मी विचारलं!

"ती पत्रिका. दाबली अन् रातोरात दुकानाच्या खात्यातलं बरंच गेलं. कार्तिक कंप्युटरचं शिकतोय. त्यानं बघितलं अन् म्हणाला, आप्पा, ही पत्रिका न्हाई, चोरांचं काम हाय. काकूचा फोन चोरांच्या हाती लागलाय. बँकेत सांगितलं, तक्रार दिली, खातं बदललं. आता काय भीती न्हाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"निघायच्या आधीच."

"मग तरी आलात?"

ते पोत्यावर बसले. आपल्याच हातांकडं बघत राहिले. आम्लानं भाजून भाजून बोटांची कातडी तपकिरी झाली होती.

"वहिनी, मी रोज सोनं पारखतो. खोटं हातात आलं की कळतं मला. पण ती पत्रिका आली अन् वर तुमचं नाव बघितलं, तवा काय पारखायचं सुचलंच न्हाई. त्यात जे जे इचारलं त्याला हो म्हणालो. कार्तिकनं सांगितलं तवर सेल्वीनं बॅग भरून ठेवली होती. अस्मिताला साडी घेऊन आली होती. मी म्हणालो, राहू दे आता, आपल्याला बोलावलेलं न्हाई. तर ती म्हणाली, चोरानं का होईना, त्या घराच्या नावानं बोलावलंय. जाऊ. दारातनं 'चुकून गेली' म्हणाले तर मागं फिरू. तुम्ही तसं म्हणाला न्हाई. पाणी दिलं. दादाला पण 'हो' म्हणाला, मी ऐकलं. मला वाटलं, वहिनींनी आपलं मानलं."

दुपारपासून सेल्वी वर का बघत होती, ते मला आत्ता समजलं. ती दोघं वाट बघत होती, मी आपणहून काहीतरी बोलेन म्हणून. चुकून गेली म्हणा, नाहीतर बरं झालं आलात म्हणा.

गप्प बसले असते तर भावजींच्या मनात तेच राहिलं असतं. पण त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

"मानलं म्हणून गप्प नव्हते, भावजी," मी म्हणाले. "भ्याले म्हणून गप्प होते. फोनमध्ये ते मीच घेतलं, माझ्या हातानं. सगळ्यांना सांगितलं, अंगणवाडीतल्या पोरानं दाबलं. आणि..."

"आणि काय?"

"त्या संध्याकाळी मी सगळ्यांना कळवलं. दुधवाल्यापासून विहिणीपर्यंत. पत्रिका उघडू नका म्हणून. कळवता कळवता तुमचं नाव आलं. मी थांबले. वाटलं, एवढ्या वर्षांनी फोन करून काय बोलायचं. ह्यांना कळलं तर रागावतील. ते कशाला उघडतायत आपलं काही. आणि पुढच्या नावावर गेले. तेव्हा कळवलं असतं तर तुमचे पैसे राहिले असते."

पैसे गेल्याचं सांगताना त्यांचा आवाज हलला नव्हता, आता मात्र भावजींनी तोंडावरून हात फिरवला.

"हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

बाहेर मांडवात कुणीतरी लाइटच्या माळा लावून बघत होतं. दाराच्या फटीतून लाल-हिरवा उजेड येत-जात होता.

"मग आता सांगा, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "राहू का जाऊ? जे असंल ते तुमच्या तोंडानं सांगा."

"राहा," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं. "घरचं लग्न आहे. दोघांनी राहायचं."

ते उठले, माझ्या हातातून स्वतःचा फोन घेतला आणि निघून गेले. राहतो म्हणाले नाहीत, जातो म्हणाले नाहीत.

मी तशीच ह्यांच्याकडं गेले. हे मागच्या अंगणात टँकरवाल्याकडून पिंपं भरून घेत होते. टँकर जाईपर्यंत थांबले, मग सगळं सांगून टाकलं. पोरानं नाही, मी दाबलं. भावजींना मी बोलावलं नाही. त्यांचे पैसे गेले, आणि ते सगळं ठाऊक असूनही आले. मला वाटलं होतं, हे ओरडतील. हे पिंपाच्या काठावर हात ठेवून ऐकत राहिले.

"सगळ्यांना कळवलंस," ते म्हणाले. "मग त्यालाच का न्हाई?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

ह्यांनी भरलेल्या पिंपावर झाकण ठेवलं.

"म्हंजे ह्या घरात माझ्या भावाला सावध करायची पण चोरी होती," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. चप्पल न घालताच पडवीकडं गेले.

मला त्यांच्या मागं जायचा धीर झाला नाही. भिंतीआडून ऐकत राहिले. पडवीत भावजींनी बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "कुठं निघालास?" भावजींचं उत्तर ऐकू आलं नाही. मग पुन्हा हेच, घोगऱ्या आवाजात, "उद्या पोरीला हळद लागायची हाय. चुलत्यानं घरात नसावं व्हय?"

ती दोघं राहिली. हळदीला सेल्वीनं अस्मिताला पाटावर बसवून तिच्या पद्धतीनं दृष्ट काढली, बायका बघत राहिल्या. भावांचं लगेच सगळं गोड झालं, असं नाही. लग्नात दोघं पंगतीत शेजारी बसले, पण बोलणं वाढप्याशीच. हळूहळू फोन सुरू झाले, मग येणं-जाणं. पुढच्या वर्षी आम्ही कोइमतूरला जाऊन आलो. भावजींचे पैसे काही परत मिळाले नाहीत. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि त्यामुळं मलाही कधी विसरता आला नाही.

लग्नानंतर अंगणवाडी उघडली त्या दिवशी मी आयांना बोलावलं आणि शबानासमोर खरं सांगितलं, की पोरानं नाही, मी दाबलं होतं. म्हटलं, "इथून पुढं माझ्या नावानं कुणी काही मागितलं तर द्यायचं नाही. मी समोर उभी राहून नंबर मागितला तरी आधी विचारायचं, कशाला पाहिजे." शबाना उठली. पोराला उचललं आणि घरी गेली. चार दिवस ती आली नाही, मग आली.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. गावात मात्र कुणाच्या घरात भावाभावांत फाटलं की अजून माझं नाव निघतं. "मालनताईनं बघा, दिराला पत्रिका धाडून तुटलेलं घर सांधलं." लग्नाच्या पंगतीत, हळदी-कुंकवात, कुठंही कुणीतरी हे माझ्या तोंडावर म्हणतं. सुरुवातीला मी खरं काय ते सांगायचे. बायका हसायच्या, वाटायचं त्यांना, ताई मोठेपणा घेत नाहीत.

माझ्या फोनमध्ये शेकड्यांनी नावं होती. चोरानं त्यातलं एकही नाव गाळलं नव्हतं. गाळलं ते मी.